होडी नाही, म्हणून नुकसान नाही?

कुणी खळ्यात मासळी पसरत असेल, कुणी पाटी भरून बाजाराला निघाली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज मी समुद्रात सांडणाऱ्या तेलाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ते काम जहाजवाल्यांचं नि सरकारचं, बचत गटाच्या ताईचा त्यात काय संबंध? संबंध आहे. तो माझ्या घरातल्याच गोष्टीने सांगते.

२०१० सालचा ऑगस्ट महिना. माझ्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. सासर अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठावर. आमच्याकडे होडी नाही. मामंजी पहाटे खडकावर जाऊन गळ टाकायचे. सासूबाई ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, खुबे काढायच्या. त्यातलं थोडं घरच्या कालवणाला, बाकीचं पाटीत. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, मोठ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. म्हणून याच दिवसांत खाडीच्या मासळीला चार पैसे जास्त मिळतात. मामंजींच्या गळाला एखादा जिताडा लागला तर आठवड्याचा किराणा सुटायचा.

७ ऑगस्टला सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं एकमेकांवर आदळली. एकाचं नाव एमएससी चित्रा, दुसऱ्याचं खलिजिया. चित्रा एका बाजूला कलंडलं. त्याच्यावरचे कितीतरी कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती. आणि जहाजाच्या जळणाचं सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. दोन दिवसांनी गळती थांबली. पण सांडलेलं तेल वारा आणि भरती नेईल तिकडे गेलं. उरण, अलिबागच्या किनाऱ्यावर आलं, घारापुरीच्या खारफुटीत शिरलं.

आम्हाला ही बातमी टीव्हीने दिली, पण ती पटली मामंजींच्या दोऱ्यामुळे. एका पहाटे ते लवकरच परत आले. गळाचा दोरा काळा, चिकट. हाताला डांबर. म्हणाले, "खडकावर पाय ठरत नाही गो. पाण्याला रॉकेलचा वास येतोय." त्याच दिवशी सासूबाई चिखलातून आल्या त्या घोट्यापर्यंत काळ्या पायांनी. मी खोबरेल तेल चोळून चोळून त्यांचे पाय साफ केले. पाटीत वीसेक चिंबोऱ्या होत्या. शेजारची एक बाई म्हणाली, "चिंचेच्या पाण्यात धुऊन घे, कुणाला कळायचं नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. परसात खड्डा खणला आणि सगळ्या पुरल्या. रात्री मला म्हणाल्या, "जे आपल्या पोराच्या ताटात घालवत नाही, ते दुसरीच्या पोराच्या ताटात कसं घालू?"

पुढचे कित्येक दिवस बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. जिथे तेलाचा थेंबही पोचला नव्हता, तिथल्या बायांच्या पाट्याही भरलेल्या परत येत होत्या. लोकांना काय माहीत, कुठला मासा कुठला? तेल पाण्यावर पसरतं, भीती त्याच्याही पुढे धावते.

मग एक दिवस नुकसानीची चौकशी करायला एक साहेब वही घेऊन आले. मामंजींना विचारलं, "होडी कुणाच्या नावावर?"

"होडी नाही साहेब."

"परवाना?"

"गळाला कसला परवाना?"

"आणि आता तर बंदीचे दिवस. मग तुमचं नुकसान कसलं?"

साहेब रागावून बोलले नाहीत. त्यांच्या वहीत तसा रकानाच नव्हता. सासूबाईंना तर कुणी काही विचारलंच नाही. मामंजी मान खाली घालून घरात आले आणि त्यांनी गळ आढ्याला खोचून ठेवला. त्या महिन्यात घरात तांदूळ उधारीवर आला. माझ्या लग्नातली पैंजणं मोडली. पण कागदावर आमचं नुकसान शून्य.

बरीच वर्षं मला वाटायचं, साहेबांचंही बरोबरच असेल. मी बीए झालेली, पण मलाही उत्तर सुचलं नव्हतं. पुढे गटाचे हिशेब लिहायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नुकसान झालं होतं. ते लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

आता म्हणाल, पंधरा वर्षांपूर्वीचं उगाळून काय मिळणार? मैत्रिणींनो, हे एकदाच घडून संपलेलं नाही. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ला, एमव्ही राक नावाचं कोळशाचं जहाज मुंबईजवळ बुडालं. त्याच्या टाक्यांत सुमारे २९० टन जळण आणि ५० टन डिझेल होतं. पुन्हा तवंग, पुन्हा तीच भीती. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजवाल्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितलं, पण तो आदेश आला २०१६ साली. पाच वर्षांनी. आणि ती रक्कम पर्यावरणाच्या हानीबद्दल होती. पाटी घेऊन रिकामी परतलेल्या बाईचा हिशेब त्यात नव्हता.

२५ मे २०२५ रोजी केरळात कोचीजवळ एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यांवर वाहून आले. केरळ सरकारने चार जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत म्हणून १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ जाहीर केले आणि जहाजवाल्यांवर उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला. दावे मोठे असतात, मैत्रिणींनो. पण तो पैसा वाटायची वेळ येते तेव्हा यादी लागते. यादीत नाव यायला पुरावा लागतो.

आणि मोठा अपघात नसला तरी दर पावसाळ्याच्या तोंडाला वारा फिरला की गोव्यापासून गुजरातपर्यंत वाळूवर काळे गोळे येतात. आपण त्यांना डांबर म्हणतो. हे सांडलेलंच तेल असतं. जहाजं टाक्या धुऊन घाण पाणी समुद्रात सोडतात, कधी विहिरींतून, नळांतून गळती होते. ते तेल लाटांवर घुसळून घट्ट होतं आणि गोळे बनतात. मुंबई हायच्या तेलविहिरी मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत आहेत, आणि देशातली मोठमोठी बंदरं आपल्याच दारात. तेव्हा हा धोका आपल्या अंगणातला आहे, असं समजूनच राहायला हवं.

आता कामाचं बोलू.

तेलवाहू जहाजातून तेल सांडलं तर भरपाई देणारा एक आंतरराष्ट्रीय निधी आहे आणि भारत त्यात सामील आहे. तिथे मच्छीमाराचा दावा तपासताना साधा हिशेब बघतात: मागच्या तीनेक वर्षांत याच महिन्यांत किती कमाई होत होती आणि तेल आल्यावर किती झाली. बाकीच्या जहाजांना नियम वेगळे आहेत, पण प्रश्न तोच विचारला जातो. आधी किती मिळत होतं? आमच्या मामंजींना याचं उत्तर तोंडी येत होतं. वहीत नव्हतं.

म्हणून आमच्या गटाने एक वही सुरू केली आहे. दर आठवड्याच्या बैठकीत बचत आणि कर्जफेड लिहून झाली की ही वही उघडतो. रकाने असे आहेत: तारीख आणि तिथी, म्हणजे भरतीओहोटीचा अंदाज येतो. कुठे गेलात, खडक, खाडी की खाजण. काय मिळालं. किती विकलं, काय भावाने. आणि किती घरी शिजवलं.

हा शेवटचा रकाना विसरू नका. घरी खाल्लेली मासळी हीसुद्धा कमाईच आहे. समजा, एका बाईने एका दिवसात १०० रुपयांचे खुबे विकले आणि ५० रुपयांचे घरी ठेवले. महिन्यातले १५ दिवस ती गेली, तर तिची कमाई २,२५० रुपये झाली. आपण सवयीने १,५०० म्हणतो आणि ७५० रुपये स्वतःच सोडून देतो. तेल आलं की तेच ७५० रुपये दुकानात मोजावे लागतात.

लिहिता येत नसेल त्या बायांनी घरी कॅलेंडरवर खुणा कराव्यात, पाटीला एक रेघ, अर्ध्या पाटीला टिंब. बैठकीत लिहिणारी ताई ते उतरवून घेईल. खाली सही किंवा अंगठा. महिन्याच्या शेवटी अध्यक्ष-सचिवांची सही, आणि एक नक्कल ग्रामसंघाकडे. आपल्या वहीने भरपाई नक्की मिळेल, असं मी सांगत नाही. पण साहेबाच्या वहीत रकाना नसला, तर आपल्या वहीतलं पान पुढे करता येईल. आणि एक गोष्ट. वही खरी ठेवा. एकीने पाच किलोचे पंधरा लिहिले तर सगळ्या गटाची वही खोटी ठरते.

आता, तेल आलंच तर काय करायचं?

पहिलं, कळवा. ग्रामपंचायत, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग. समुद्रातलं तेल आवरण्याची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाची असते. त्यांचा बिनपैशाचा फोन १५५४. फोन केल्याची तारीख नि वेळ वहीत टिपा. मोबाइलवर फोटो काढा, त्यात ओळखीची खूण येऊ द्या, देऊळ, जेट्टी, मोठा खडक.

दुसरं, उघड्या हाताने गोळा करायला जाऊ नका. पोरांना, गरोदर बायांना किनाऱ्यापासून लांब ठेवा. अंगाला लागलंच तर रॉकेल चोळू नका. खोबरेल किंवा गोडं तेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. पेटवून देण्याच्या फंदात पडू नका. पाण्यात साबणाची पूड ओतू नका. तेलाने माखलेल्या खारफुटीत तुडवत फिरू नका, पायांनी तेल चिखलात खोल जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. अनोळखी पिंप किंवा डबा वाहून आला तर त्याला हात लावायचा नाही, मग तो कितीही नवा दिसो.

तिसरं, खाण्याचं. मासा पोहून लांब जाऊ शकतो, आणि त्याच्या अंगात गेलेलं तेल बऱ्यापैकी लवकर निघूनही जातं. खुबे, तिसऱ्या, कालवं मात्र जागची हलत नाहीत. पाणी गाळूनच ती जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते आणि सावकाश निघते. म्हणून तेल आलेल्या जागेची शिंपली, वास येत नसला तरी, तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत काढू नका. मासळीला रॉकेलचा वास आला तर ती पुरून टाका. पुरण्याआधी वजन करा, फोटो काढा, दोघींची सही घ्या. सासूबाईंनी चिंबोऱ्या पुरल्या ते योग्यच केलं. पण त्या किती होत्या, हे आज फक्त मला नि त्यांना माहीत आहे.

चौथं, भीतीमुळे झालेलं नुकसानही लिहा. मासळी चांगली, पण गिऱ्हाईक नाही, पाटी परत आली, तर ती कितीची होती ते टिपा. आणि आपला माल स्वच्छ पाण्यातला असेल तर गिऱ्हाइकाला जागा सांगा. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर मासळी घेतं. तो शब्द एकदा मोडला की तेल गेल्यावरही ते परत येत नाही.

आमचे मामंजी आता थकलेत, पण पाऊस उघडला की अजून खडकावर जातात. सासूबाई संध्याकाळी कॅलेंडरसमोर उभ्या राहून पेन्सिल मागतात. माझी लेक चिडवते, "आजी, आज टिंब की रेघ?" परवा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं चिखलात गेले, पण मी किती कमावलं ते मला आत्ता कळतंय." त्या दिवशी तेल आलं नव्हतं, कुठलाही साहेब आला नव्हता. तरी वहीने आपलं पहिलं काम केलं होतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक नवी वही घ्या. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांच्याआधी ज्यांच्याकडे फक्त गळ, पाग नि पाटी आहे, त्यांची नावं लिहा. समुद्र शांत आहे, तोवर हे काम होऊन जाऊ द्या.