परराष्ट्रव्यवहाराच्या पाठशाळा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणनिधीच्या चिटणीसांनी मला नेमून दिलेला विषय आपल्या मेळाव्यात नवखा आहे. वैद्यक, स्थापत्य, हिशेबतपासणी आणि अलीकडे संगणक, या वाटा आपल्या घरोघरी परिचित झालेल्या आहेत. त्यांचा खर्च किती आणि त्यांतून पुढे वेतन किती, याचे अंदाज आपली वडीलधारी मंडळी पानसुपारी घेता घेता सांगू शकतात. परंतु 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' या विषयाची उच्च पदवी घ्यावयाची आणि तीसाठी परदेशी जावयाचे, असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो, 'म्हणजे वकील व्हायचं का तुला?' असा. प्रश्न अज्ञानाचा खरा. पण तो अगदीच अस्थानी नाही. मराठी राज्यात परदरबारी नेमलेल्या प्रतिनिधीला वकीलच म्हणत असत. दिल्लीच्या दरबारी हिंगणे, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे, हे पेशव्यांचे वकील होते आणि त्यांच्या पत्रव्यवहारावाचून अठराव्या शतकाचा आपला इतिहास लिहिता आला नसता.

या मंडळींना ती विद्या कोणी शिकविली? कोणत्याही शाळेने नाही. हिंगण्यांच्या घरात ती बापाकडून मुलांकडे आली. फारसी लिहिता-वाचता येणे, दरबारात कोणाचा शब्द चालतो हे हेरणे, बातमी आणि बाजारगप्पा यांत भेद करणे, आणि धन्याला न रुचणारे वर्तमान त्याला रुचेल अशा बेताने कळविणे, हे सारे वडिलांच्या मांडीशी बसून शिकावयाचे. युरोपातही प्रकार निराळा नव्हता. तेथे राजदूत हा उमरावाचा मुलगा असे आणि घरची मिळकत ही त्या पदाची जणू पहिली अट असे. परराष्ट्रव्यवहाराच्या ज्या पाठशाळांविषयी मी बोलणार आहे, त्यांचे महत्त्व येथे आहे. जी विद्या जन्माने मिळत होती ती अभ्यासाने मिळावी, असा त्यांचा निदान दावा तरी आहे.

आरंभीचे प्रयत्न सरकारी गरजेतून झाले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने १७५४ साली व्हिएन्ना येथे पौर्वात्य भाषांची अकादमी काढली. तुर्की दरबाराशी बोलणारी माणसे तिला हवी होती. पॅरिसमध्ये एमिल बूत्मी यांनी १८७२ साली राज्यशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली, ती प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर. देश हरला याचे एक कारण देश चालविणाऱ्यांचे अज्ञान, असे त्या काळच्या विचारी फ्रेंच माणसांचे मत झाले होते. पुढे पहिल्या महायुद्धाने या विचाराला सर्वत्र जोर आला. १९१९ साली दोन गोष्टी घडल्या. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे डेव्हिड डेव्हिस यांच्या देणगीतून, युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ, आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन निघाले. आणि वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात एडमंड वॉल्श या जेझुइट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली परराष्ट्रसेवेची शाळा सुरू झाली. गंमत अशी की, अमेरिकेचे राजदूत व वाणिज्यदूत यांची एकत्रित परराष्ट्रसेवा कायद्याने अस्तित्वात आली ती १९२४ साली. म्हणजे नोकरीच्या आधी पाच वर्षे शाळा तयार होती!

जिनीव्हाची संस्था मला या सर्वांत अधिक जिव्हाळ्याची वाटते. विल्यम रापार आणि पॉल मांतू या दोघांनी ती १९२७ साली स्थापन केली. मांतू हे इतिहासाचे अध्यापक. परंतु पॅरिसच्या शांतता परिषदेत विल्सन, क्लेमान्सो, लॉइड जॉर्ज व ऑर्लांदो हे चौघे बंद दाराआड बसत, तेव्हा दुभाष्याचे काम त्यांनी केले होते. जगाची वाटणी होताना ज्याने प्रत्येक शब्द एका भाषेतून दुसरीत नेला, अशा माणसाने शाळा काढावी, यात मोठे औचित्य आहे. राष्ट्रसंघाची कचेरी त्याच गावात असल्याने पुस्तकातील प्रकरण आणि समोर चाललेली घडामोड यांत अंतर फारसे राहिले नाही. जर्मनीत व ऑस्ट्रियात छळ सुरू झाल्यावर हान्स केल्सन यांच्यासारखे कायदेपंडित तेथे आश्रयाला आले आणि शिकवू लागले. राष्ट्रसंघ पुढे कोसळला. शाळा मात्र टिकली. १९६१-६२ साली घाना देशाचा एक तरुण तेथे शिकत होता. कोफी अन्नान हे त्याचे नाव. १९९७ ते २००६ या काळात ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाने हार्वर्डच्या साहाय्याने १९३३ साली फ्लेचर शाळा काढली. केवळ पदव्युत्तर शिक्षण देणारी तेथील ही पहिली शाळा. आपले शशी थरूर यांनी १९७८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेथेच विद्यावाचस्पती ही पदवी मिळविली. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, पॉल निट्झे व ख्रिश्चन हर्टर यांनी वॉशिंग्टन येथे एक शाळा काढली. ती १९५० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सामील झाली आणि १९५५ साली तिने इटलीतील बोलोनिया येथे शाखा उघडली. कोलंबिया विद्यापीठाची शाळा १९४६ ची. एकंदरीत पाहता असे दिसते की, एखादे राष्ट्र जगाच्या कारभारात शिरू लागले की आधी त्याला नकाशे लागतात आणि मागोमाग अशा शाळा लागतात.

जॉन्स हॉपकिन्सने १९८६ साली चीनमधील नानजिंग विद्यापीठाच्या भागीदारीत केलेला प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तेथे अमेरिकन विद्यार्थ्याला चिनी प्राध्यापक चिनी भाषेतून शिकवितात आणि चिनी विद्यार्थ्याला परदेशी प्राध्यापक इंग्रजीतून. वसतिगृहात दोघांना एका खोलीत ठेवण्याचा प्रघात आहे. स्वतःची भाषा बाजूला ठेवून, ज्याच्याशी पुढे वाद घालावयाचा त्याच्याच भाषेत त्याचे म्हणणे ऐकावयाचे! आपल्याकडे उत्तर सीमेवरच्या शेजाऱ्याविषयी तावातावाने बोलणारी माणसे गल्लोगल्ली आढळतात. त्याचे वृत्तपत्र मुळातून वाचू शकणारी किती आढळतील?

या शाळांत शिकवितात तरी काय, असे पालक विचारतात. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. आपल्या मुलांची समजूत अशी की तेथे करारांचा इतिहास आणि राजदूतांच्या गोष्टी शिकावयाच्या. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी गाठ पडते ती अर्थशास्त्राशी: किंमत कशी ठरते, चलनाचा दर का घसरतो, जकात वाढविली तर भुर्दंड कोणावर पडतो. सोबत संख्याशास्त्र असते. कलाशाखेची मुले येथेच अडखळतात. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कायदा, एखाद्या भूप्रदेशाचा सखोल अभ्यास, आणि बहुतेक ठिकाणी एका परकीय भाषेत परीक्षकासमोर बोलून दाखविण्याइतके प्रावीण्य. दोन वर्षांमधील उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत उमेदवारी करावी लागते. काही शाळांत कल्पित पेचप्रसंग मांडून विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या राष्ट्रांची बाजू वाटून देतात आणि दोन दिवस वाटाघाटी करावयास लावतात. अर्थशास्त्रातून जे उमगत नाही ते कित्येकदा या खेळातून उमगते, कारण मनाला न पटणारी बाजू तेथे मन लावून लढवावी लागते.

आपल्या देशातही या विद्येची सोय नव्हती असे नाही. हृदयनाथ कुंझरू, म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष, यांच्या पुढाकाराने १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये आंतरराष्ट्रीय अध्ययनाची शाळा सुरू झाली. डॉ. अप्पादोराई तिचे पहिले संचालक. ही शाळा १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेथील शुल्क आजही इतके अल्प आहे की, परदेशी शाळेच्या एका दिवसाच्या खर्चात तेथील वर्षभराचे शिक्षणशुल्क सहज भागावे. विद्यमान परराष्ट्रमंत्री श्री. जयशंकर यांनी विद्यावाचस्पतीची पदवी तेथेच घेतली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पुष्कळ पालकांचा येथे घोटाळा होतो. अशी परदेशी पदवी घेतली म्हणजे भारताच्या परराष्ट्रसेवेत प्रवेश मिळतो, ही समजूत निखालस खोटी आहे. त्या सेवेत थेट भरती होते ती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, आणि त्या परीक्षेला कोणत्याही मान्य विद्यापीठाची कोणतीही पदवी पुरते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाटसारख्या गावातून निघालेले श्री. ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली त्या सेवेत गेले, ते याच वाटेने. निवड झाल्यावर सरकार स्वतःच प्रशिक्षण देते आणि स्वतःच्या खर्चाने परकीय भाषाही शिकविते. तेव्हा ज्याला भारताचा राजदूत व्हावयाचे आहे त्याने कर्ज काढून वॉशिंग्टनला जाण्याचे कारण नाही. तो वेळ त्याने परीक्षेच्या तयारीला द्यावा.

मग ही पदवी कोणाच्या उपयोगाची? अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यात तेथील नागरिकालाच जागा मिळते. आपल्या मुलांना ते दार बंद. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शाखा, निर्वासित व आरोग्य यांचे काम करणाऱ्या संस्था, मोठ्या पेढ्यांचे जोखीम जोखणारे विभाग, संशोधनसंस्था, वृत्तपत्रे, ही खरी क्षेत्रे होत. त्यांतही वारे फिरले आहे. १९६१ साली केनेडींच्या काळात निघालेली अमेरिकेची परदेश-साहाय्य संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद पडली. तिच्यावर आणि तिच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांवर या शाळांतील कितीतरी पदवीधरांचा चरितार्थ चालत होता. आज त्या बाजारात वीस-वीस वर्षांच्या अनुभवाची माणसे नोकरी शोधीत आहेत आणि नव्या पदवीधराला त्यांच्याशी स्पर्धा करावयाची आहे.

खर्चाचे सांगतो. अमेरिकेतील नामांकित शाळांचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ५० ते ७० हजार डॉलरांच्या घरात आहे. राहणे-जेवणे धरून दोन वर्षांचा हिशेब एक कोटी रुपयांच्या बराच पुढे जातो. जिनीव्हाचे शुल्क त्या मानाने पुष्कळ कमी. गाव मात्र कमालीचे महाग. सिंगापूर येथे एका वर्षात पुरे होणारे अभ्यासक्रम आहेत आणि आशियाविषयी शिकावयाचे तर ते ठिकाण मला अधिक सोयीचे वाटते.

हे सारे कोरडे तपशील मी सांगत आहे, याचे कारण निधीकडे यंदा आलेला एक अर्ज आहे. अर्जदार मुलगी आपल्यापैकीच एका शिक्षकाची. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिला वॉशिंग्टनच्या एका शाळेत प्रवेश मिळाला आहे. वडील राहते घर गहाण ठेवावयास निघाले आहेत आणि उरलेली रक्कम निधीने कर्जाऊ द्यावी अशी विनंती आहे. मंडळात मतभेद झाला. एका पक्षाचे म्हणणे, या पैशात दहा मुलांचे अभियांत्रिकीचे शिक्षण होईल. दुसऱ्याचे म्हणणे, कर्ज द्यावे, पण परत येऊन ज्ञातीच्याच कार्यास वाहून घेण्याचा करार तिच्याकडून लिहून घ्यावा.

दुसरी सूचना मला मान्य नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तेव्हा दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. महाराजांचा हेतू थोर होता. परंतु १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोद्यास रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अल्पावधीतच त्यांना ते सोडावे लागले. करार कागदावर राहिला आणि ते शिक्षण बडोद्यापेक्षा फार मोठ्या क्षेत्राच्या कामी आले. दुसऱ्यांच्या भाषा आणि दुसऱ्यांची बाजू शिकावयास आपण जिला पाठवू, तिला परत येऊन याच चार भिंतींत बस म्हणणे विसंगत आहे. आणि मुलाने असा अर्ज केला असता तर हा करार कोणाला सुचला असता का, हाही प्रश्न मंडळाने स्वतःस विचारावा.

पहिल्या पक्षाचे म्हणणे मात्र सहज उडवून लावता येत नाही. निधी लहान आहे आणि दहा मुले खरी आहेत. म्हणून माझे मत असे: घर गहाण पडू देऊ नये. या शाळांत येणारे पुष्कळ विद्यार्थी दोन-चार वर्षे नोकरी करून आलेले असतात आणि शाळांनाही ते पसंत असते. काही शाळा मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात. तशी विनंती तिने करावी. त्या वर्षात रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात एक परकीय भाषा, घरी अर्थशास्त्र व संख्याशास्त्र, आणि जमल्यास विषयाशी संबंध असलेली नोकरी. शाळेने शुल्काचा निम्म्याहून अधिक भाग माफ केला, तर प्रवासखर्च आणि पहिल्या सहामाहीचा निर्वाह निधीने बिनव्याजी द्यावा. दहा मुलांपैकी कोणाचेही त्यात अडणार नाही. चिटणीसांनी पुढील सभेपूर्वी शाळेचे शिष्यवृत्तीविषयीचे पत्र आणि मागील तुकडीला कोठे कोठे नोकऱ्या लागल्या याचा तक्ता, ही दोन्ही मागवून घ्यावीत. असे तक्ते या शाळा प्रसिद्ध करतात. पाहताना परदेशी विद्यार्थ्यांचा रकाना निराळा काढून पाहावा.