ओट्याचा दगड

ओटा पुसण्याआधी त्याचा दगड ओळखायला हवा. आंध्र प्रदेशातून येणारा काळा कडप्पा हा चुनखडीचा दगड, आणि संगमरवरही त्याच कुळातला. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्यांच्यावर लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ किंवा व्हिनेगर सांडलं, की आम्ल दगडाचा पृष्ठभागच खातं आणि निस्तेज डाग उमटतो. तो मळ नसतो, त्यामुळे कितीही घासा, जात नाही. पॉलिशच करून घ्यावं लागतं. म्हणून फरशीचं अ‍ॅसिड ओट्यावर कधीही, अगदी कधीही वापरू नका.

ग्रॅनाइट अशा आम्लांना सहसा दाद देत नाही, पण त्यात तेल मुरतं. डागावर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावा आणि प्लॅस्टिकने झाकून दिवसभर ठेवा. कोरड्या दगडावर पाण्याचे थेंब टाकून पाहा. दहा-पंधरा मिनिटांत तिथला रंग गडद झाला, तर असं मुरणं रोखणारा सीलर लावायची वेळ आली आहे.

रोजच्यासाठी सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. पांढऱ्या संगमरवरावर हळद सांडली, तर मात्र हातातलं काम सोडून आधी ती पुसा.