बाळाच्या डोळ्याची नस बारीक असेल तर?

कल्पना करा, तुमच्या ताईचं बाळ तीन महिन्यांचं झालंय. पण ते चेहऱ्याकडे बघतच नाही, डोळे सारखे इकडून तिकडे हलतात. आजी म्हणते, "होईल मोठं झाल्यावर ठीक." तुम्ही मात्र थांबू नका. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

यामागे 'ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेझिया' असू शकतो. डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणारी नस म्हणजे सुमारे 10 लाख तंतूंची केबल. या मुलांमध्ये जन्माआधीपासूनच त्यातले बरेच तंतू नसतात. आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून हे होत नाही. तिला बोल लावू नका.

खरं सांगायचं तर ही नस थेंबांनी किंवा ऑपरेशननं वाढत नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणारे भेटतील, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

मग दवाखान्यात कशाला जायचं? कारण खरा धोका अनेकदा डोळ्यात नसतोच. यातल्या बऱ्याच मुलांची मेंदूतली पियुषिका ग्रंथी कमी काम करते. कॉर्टिसोल कमी असेल तर साध्या तापात, उलट्यांत साखर एकदम खाली जाते, बाळ मलूल पडतं, जीवावर बेतू शकतं. काहींना लघवी खूप होते, अंगातलं पाणी कमी होतं. त्यात आपला नागपूरचा मे महिना! म्हणून मेंदूचा एमआरआय आणि हार्मोनच्या रक्ततपासण्या करायच्याच. पहिल्यांदा नॉर्मल आल्या तरी वाढीवर लक्ष ठेवायचं, कारण कमतरता पुढेही दिसू शकते. गोळ्या सुरू असतील तर तापात डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

आणि डोळ्यांचं? नंबर असेल तर चष्मा. एक डोळा कमजोर असेल तर डॉक्टर चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी लावायला सांगतात. चांगल्या डोळ्याला जपायला पॉलिकार्बोनेटचा चष्मा. शाळेत पहिला बेंच, मोठी अक्षरं. हा आजार सहसा वाढत जात नाही, त्यामुळे आहे ती नजर वापरायला लवकर शिकवणं फार कामाचं.

पैशांची काळजी असेल तर मेडिकल किंवा मिहानच्या एम्समध्ये विचारा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी ताईंना विचारा, त्या रस्ता सांगतील.

व्हिडिओ आजच काढा. भेटू पुढच्या भागात!