आमचे आबा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला आबांविषयी चार शब्द बोलायला सांगितले. आबा माझे आजोबा, म्हणून मी उभा आहे; पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांचे ते आजोबाच होते. कुणाच्या लग्नात त्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, कुणाच्या वडिलांना बार्शीच्या दवाखान्यात नेऊन आठ-आठ दिवस उशाशी बसले. माझ्याकडून काही राहिले तर जुन्या माणसांनी मागाहून सांगावे.

आबांचे जन्मसाल घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले, तेव्हा आबा सात-आठ वर्षांचे होते, एवढ्यावरून हिशेब धरायचा. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. पणजोबा त्यांना येरमाळा, येडशी करत पायी घेऊन गेले. पोरगं थकलं की खांद्यावर. बाबासाहेब काय बोलले हे कळायचं ते वय नव्हतं. आबा एवढंच सांगायचे, "लई माणसं बघितली, अन् आपला बाप पयल्यांदा ताठ बसलेला बघितला."

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जायचं तर भाड्याला पैसे नव्हते. दीक्षा मागाहून इकडेच घेतली. मेलेली जनावरं ओढणं बंद, येसकरकी बंद. काम सोडलं तसं खळ्यावरचं बलुतंही गेलं. त्या सुगीला घरात ज्वारी आली नाही. आजी हे सांगायची तेव्हा हसत सांगायची, पण शेवटी पदर डोळ्याला लावायची.

१९७२ च्या दुष्काळात आबा खडी फोडायला होते. शिक्षण तिसरी. पण मस्टर वाचता यायचं, म्हणून पगाराच्या दिवशी सगळ्या बाया आधी आबांकडे. हजेरी कमी पडलेली दिसली की आबा भांडायचे नाहीत. त्या बाईला पुढं करायचे आणि तिच्याच तोंडानं दिवस मोजायला लावायचे. पैसे मिळायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा साठी गाठलेला हा माणूस भाकरीची गाठोडी आणि घोंगड्या घेऊन ट्रकमधून सास्तूरला गेला. तिकडचं काय बघितलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

मला जास्त सांगायचं आहे ते कोयत्याच्या लेकरांबद्दल.

आपल्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, बैलगाडीत भांडी, कोंबड्या आणि लेकरं. लेकरू पाचट गोळा करतं, धाकट्याला सांभाळतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावात येतं तेव्हा शाळेतलं नाव नुसतं पटावर राहिलेलं असतं. आबांनी टोळी निघायच्या आदल्या रात्री घरोघर जाऊन सांगितलं, "लेकरू माझ्यापाशी ठिवा." पहिल्या साली तीन लेकरं राहिली. पुढं अकरा झाली. तेव्हा विहार म्हणजे चार पत्रे आणि पुढं ओटा. दिवसा लेकरं शाळेत, संध्याकाळी वंदना आणि ओट्यावर कंदिलाखाली अभ्यास. आईबाप जाताना पायली-दोन पायली ज्वारी देऊन जायचे. ती संक्रांतीपर्यंतच पुरायची, मग आमच्या कणगीतली निघायची. यावरून माझे वडील आणि आबा यांच्यात कडाक्याचं वाजायचं. खरं सांगायचं तर वडिलांचंही चुकत नव्हतं, घरात आम्ही पाच खाणारी तोंडं होतो. भाकरी थापायची आजी. तिचं नाव कुठल्याच फलकावर नाही, म्हणून या स्मरणिकेत तरी लिहून ठेवा की अकरा लेकरांच्या भाकरी दोन्ही वेळा ती एकटी करायची.

आबांना शिकवता येत नव्हतं. ते नुसते समोर बसायचे. लेकरानं मोठ्यानं वाचायचं आणि आबांनी ऐकायचं, अडलं की म्हणायचे, "मलाबी येत नाही, उद्या गुरुजीला इचारून ये अन् मला सांग." दुसऱ्या दिवशी विसरायचे नाहीत. त्या अकरांतली एक मुलगी आज नर्स आहे, दोघं मास्तर झाले. काही जण पुन्हा कोयत्यावरच गेले, तेही सांगितलं पाहिजे. पण त्यातल्या एकानं स्वतःची पोरगी बारावीपर्यंत गावात ठेवली.

आबा थकले आणि ओट्यावरचा अभ्यास थांबला. आता विहाराला स्लॅब आहे, लाईट आहे, फरशी आहे. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजनाही आहे. तिचे अर्ज भरायला मंडळ मदत करील. पण संध्याकाळी लेकराजवळ बसणारं घरचं माणूस लागतं. यंदा आपल्या वस्तीतून सहा जोड्या जाणार आहेत आणि त्यांची नऊ लेकरं शाळेत जाणारी आहेत. त्यांतल्या चार आज्यांशी मी बोललो आहे, लेकरं ठेवायला त्या तयार आहेत.

विहाराची किल्ली माझ्याकडे असते. सोमवार आणि गुरुवार मी बसणार, संध्याकाळी सात ते नऊ. पाच वार शिल्लक आहेत. भोजनदानानंतर वही दाराशी ठेवतो. ज्याला जो वार जमेल त्याने तिथं नाव लिहावे. बायांनीही लिहावे. वाचता येत नसलं तरी चालेल.

जयभीम! नमो बुद्धाय!