ओस पडलेले बेट पुन्हा नांदते झाले



मंडळाच्या वाढदिवशी एका दूरच्या बेटाची हकीकत सांगावी असे मी ठरविले आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ईस्टर्न एग रॉक नावाचे बेट आहे. जेमतेम सात एकरांचा खडकच तो. तेथे पफिन नावाचे समुद्रपक्षी नांदत. आकाराने कबुतराएवढे, पाठ काळी, पोट पांढरे, चोच रंगीत. मादी वर्षाला एकच अंडे घालते. मांस, अंडी व पिसे यांसाठी माणसांनी त्यांना इतके मारले की १८८५ च्या सुमारास बेटावर एकही पफिन उरला नाही.

तिकडे त्या काळी बायकांच्या टोप्यांवर पिसे, कधी तर अख्खा पक्षीच खोचलेला असे. १८९६ साली बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून, अशा टोप्या सोडा, अशी विनवणी केली. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. अशाच प्रयत्नांतून पुढे १९१८ साली पक्षिरक्षणाचा कायदा झाला. पण शिकार थांबली तरी त्या खडकावर पफिन काही परतले नाहीत.

१९७३ साली स्टीफन क्रेस या तरुण पक्षितज्ज्ञाने न्यूफाउंडलंडहून, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटरांवरून, पफिनची लहान पिले आणविली. त्यांच्यासाठी बिळे तयार केली, रोज मासळी पुरविली. १९८६ पर्यंत अशी ९५४ पिले आणली. पंख फुटताच पिलू रात्री एकटेच समुद्रावर जाते व दोनतीन वर्षे जमिनीला पाय लावीत नाही. तोवर वाट पाहणे एवढेच हाती!

१९७७ साली क्रेस यांनी लाकडाचे रंगविलेले पफिन खडकावर मांडले. आपल्या जातीचे चार जण दिसले तरच या पक्ष्याला उतरायला धीर येतो. त्याच वर्षी पहिला पफिन परत आला. अंडी-पिले खाणाऱ्या कुरव पक्ष्यांना हुसकावून, त्यांच्यावर तुटून पडणारे सुरय पक्षी बेटावर वसविले. १९८१ साली एक पफिन चोचीत मासे घेऊन बिळात शिरताना दिसला. घरात पिलू होते! २०१९ साली तेथे १८८ जोड्या मोजल्या गेल्या.

तरी काळजी सरलेली नाही. २०१२ साली समुद्र फार तापला, नेहमीची मासळी दुर्मीळ झाली. मेनच्या बेटांवर आईबापांनी बटरफिश आणले. ते इतके रुंद की पिलांना गिळवेनात. समोर मासे असून कित्येक पिले उपाशी मेली. आजही दर उन्हाळ्यात माणसे बेटावर राहून राखण करतात.

भगिनींनो, मारणारा हात कायद्याने थांबतो. पण ओस पडलेले घर पुन्हा भरायला वर्षानुवर्षे राबणारे हात लागतात. या कामाची सुरुवात मात्र चहाला जमलेल्या चार बायकांनीही होऊ शकते, एवढे ध्यानात ठेवू या.