शेजाऱ्याची ओळख : अमेरिका आणि कॅनडा

उत्तर अमेरिका खंडातील संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन राष्ट्रांमधील सीमा ८,८९१ किलोमीटर लांबीची आहे. दोन देशांना विभागणारी याहून लांब सीमा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना बव्हंशी एकच भाषा चालते, नाण्याचे नाव एकच, पेहराव एक, घरांची धाटणीही एक. तेव्हा हे दोन शेजारी परस्परांना अंतर्बाह्य ओळखत असतील अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षातील स्थिती निराळी आहे. सामान्य कॅनेडियन गृहस्थाला अमेरिकेच्या अध्यक्षाचे नाव तर ठाऊक असतेच, परंतु त्याचे विरोधक कोण आणि येती निवडणूक कोणत्या संस्थानांत अटीतटीची होणार, याचीही त्याला खबर असते. उलटपक्षी, कॅनडाच्या मुख्य प्रधानाचे नाव विचारले असता सुशिक्षित अमेरिकनही पुष्कळदा घुटमळतो; त्या देशाला अध्यक्ष नसून संसदेला जबाबदार असा मुख्य प्रधान असतो, हेही त्याच्या ध्यानी नसते.

या विषमतेचा दोष अमेरिकन माणसाच्या अहंमन्यतेवर टाकून मोकळे होण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. गरजवंताला अक्कल नसते अशी आपल्याकडे म्हण आहे. पण या दोन देशांचा इतिहास पाहिला, तर गरजवंताला निदान शेजाऱ्याची माहिती तरी असते असे दिसून येते. ज्याला ज्याच्यावाचून अडते, तो त्याला ओळखतो. शेजाराने ओळख होते हा समज येथे खोटा ठरतो. ओळख होते ती निकडीमुळे.

प्रथम आकडे पाहावेत. २०२० च्या शिरगणतीत संयुक्त संस्थानांची लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख भरली. २०२१ च्या शिरगणतीत कॅनडाची ३ कोटी ७० लाख. म्हणजे एका कॅनेडियनामागे सुमारे नऊ अमेरिकन. शिवाय कॅनडाचा विस्तार अफाट असला तरी त्याची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती दक्षिण सीमेपासून शंभर किलोमीटरांच्या पट्ट्यात एकवटलेली आहे. त्या वस्तीला अमेरिका रोज उंबऱ्यावर दिसते; टेक्ससच्या अथवा फ्लॉरिडाच्या रहिवाशाला कॅनडा हा नकाशाच्या माथ्यावरचा एक थंड, पांढरा प्रदेश वाटतो. १९६९ साली मुख्य प्रधान पियर त्रूदो यांनी वॉशिंग्टन येथे पत्रकारांसमोर बोलताना आपल्या देशाच्या स्थितीला हत्तीशेजारी निजणाऱ्याची उपमा दिली होती. हत्ती कितीही सालस असो, त्याची प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक हुंकार शेजारी निजणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. हत्तीला मात्र शेजारी कोण निजले आहे याची दखल घेण्याचे कारण पडत नाही.

ही दखल न घेतल्यामुळे हत्तीलाही कधीकधी ठेच लागली आहे. १७७४ च्या ऑक्टोबरात बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने दोन पत्रके काढली. ब्रिटिश जनतेला उद्देशून काढलेल्या पत्रकात क्वेबेकमधील कॅथॉलिक धर्माला दिलेल्या संरक्षणाबद्दल संताप व्यक्त करून त्या धर्माची कठोर निंदा केली होती. अवघ्या काही दिवसांनी निघालेले दुसरे पत्रक क्वेबेकच्या रहिवाशांना होते. त्यात त्यांना बंधुभावाने बंडात सामील होण्याचे आमंत्रण होते. क्वेबेकच्या फ्रेंचभाषी समाजाला व त्याच्या धर्मगुरूंना वाचता येते, हे जणू कोणाच्या लक्षातच आले नाही! पुढल्या वर्षी अमेरिकन फौजा उत्तरेकडे निघाल्या, तेव्हा तो समाज बहुतांशी तटस्थ राहिला, आणि ३१ डिसेंबर १७७५ रोजी क्वेबेक शहराच्या तटाखाली सेनापती माँटगोमेरी धारातीर्थी पडला.

या अनुभवाने शहाणपण आले असे म्हणता येत नाही. १८१२ च्या जूनमध्ये ब्रिटनशी युद्ध पुकारण्यात आले, तेव्हा माजी अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्यासारख्या बहुश्रुत पुरुषानेही क्वेबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा घेणे हे केवळ चालत जाण्याचे काम आहे, असे लिहिले. उत्तरेकडील लोक मुक्तिदात्यांची वाट पाहत असतील हे त्यामागील गृहीत होते. वास्तविक त्यांच्यातील अनेक कुटुंबे अमेरिकेच्या राज्यक्रांतीत राजनिष्ठ राहिली म्हणून घरादारास मुकून तेथे आलेली होती. १६ ऑगस्ट १८१२ रोजी ब्रिटिश सेनापती ब्रॉक आणि शॉनी जमातीचा पुढारी टेकुम्से यांच्यापुढे सेनापती हल याने डेट्रॉइटचा किल्ला खाली करून दिला. आजही हे युद्ध दोन्ही देशांत निरनिराळे शिकवले जाते. अमेरिकन विद्यार्थ्याला ते ब्रिटनशी झालेले युद्ध म्हणून ठाऊक असते, व त्याचे राष्ट्रगीत त्याच युद्धातील बाल्टिमोरच्या प्रसंगावर रचले गेले एवढे त्याला आठवते. कॅनेडियन विद्यार्थी तेच युद्ध अमेरिकेचे आक्रमण परतवल्याची कथा म्हणून वाचतो.

तथापि अमेरिकेत कॅनडाला नीट ओळखणारे लोकही होते. फक्त ते सत्ताधारी नव्हते. दक्षिणेकडील मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना अक्षरओळख करून घेण्याचीही बहुतेक ठिकाणी बंदी होती. तरीही ध्रुवताऱ्याच्या रोखाने चालत गेल्यास एक देश लागतो व तेथे माणसाची मालकी चालत नाही, हे त्यांच्यापैकी कित्येकांना पक्के ठाऊक होते. १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा अमेरिकेत झाला. तेव्हापासून उत्तरेकडील संस्थानेही त्यांना निर्धास्त उरली नाहीत, आणि सीमेपलीकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला. स्वतः केंटकीतून १८३० साली पळून आलेले जोसाया हेन्सन यांनी आजच्या आँटेरिओ प्रांतात ड्रेस्डेननजीक अशा निर्वासितांची वसाहत उभारण्यात पुढाकार घेतला. शंभराहून अधिक वर्षांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारणाऱ्या हजारो अमेरिकन तरुणांनी कॅनडाच्या वसाहतविषयक कायद्याचा बारकाईने अभ्यास केला, तोही याच कारणाने. प्रसंग येताच अमेरिकन माणूस कॅनडाची माहिती झपाट्याने मिळवतो. एरवी त्याला ती लागत नाही.

आता कॅनडाच्या बाजूकडे वळावे. कॅनेडियनांचे अमेरिकेविषयीचे ज्ञान विपुल आहे, परंतु ते पुष्कळसे आपोआप कानांवर आदळलेले आहे. १९२९ साली एअर्ड समितीने नभोवाणीविषयीचा अहवाल सादर केला. त्यात कॅनेडियन श्रोते ऐकत असलेल्या कार्यक्रमांपैकी बहुसंख्य देशाबाहेरून येतात असे नमूद होते. ध्वनिलहरींना जकातनाके अडवीत नाहीत. तेव्हा ग्रॅहॅम स्प्राय यांनी देशापुढील पर्याय स्पष्ट मांडला : नभोवाणी एक तर स्वतःच्या राज्याच्या हाती राहील, नाही तर शेजारच्या संयुक्त संस्थानांच्या. या चळवळीतून १९३२ साली नभोवाणी आयोग आणि १९३६ साली कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. पुढे १९७१ पासून नभोवाणी केंद्रांनी वाजवलेल्या संगीतापैकी किमान ३० टक्के कॅनेडियन असावे असा दंडक घालण्यात आला. स्वतःच्या गायकाचा आवाज स्वतःच्या घरात ऐकू यावा म्हणून कायदा करावा लागणे, यावरून प्रवाह किती एकमार्गी होता हे ध्यानात येईल.

अशा ज्ञानाचा एक धोका असतो. शेजाऱ्याच्या घरातील गोष्टी इतक्या परिचयाच्या होतात की त्याच आपल्या घरच्या वाटू लागतात. अमेरिकन चित्रपट पाहून वाढलेल्या कॅनेडियनाची अशी समजूत असते की पोलिसांनी पकडल्यास प्रश्नोत्तरांच्या वेळी वकील आपल्या शेजारी बसेल. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सिंक्लेअर खटल्यात हे स्पष्टपणे अमान्य केले. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क तेथे आहे, परंतु चौकशीच्या संपूर्ण काळात त्याने हजर असावे असा हक्क नाही. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अलाबामातील बसमध्ये १९५५ साली जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे नाव कॅनेडियन मुलांना परिचित होते. त्याच्याही नऊ वर्षे आधी, १९४६ साली, कॅनडातीलच नोव्हा स्कोशिया प्रांतात व्हायोला डेझमंड या कृष्णवर्णी व्यावसायिक स्त्रीने चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी राखलेली जागा सोडण्यास नकार दिला होता व त्यापायी एक रात्र कोठडीत काढली होती. तिचे नाव मात्र दीर्घकाळ फार थोड्यांना ठाऊक होते. २०१० साली प्रांतिक सरकारने तिला मरणोत्तर निर्दोष ठरवून क्षमा मागितली आणि २०१८ साली दहा डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आले. वर्णद्वेष ही दक्षिणेच्या शेजाऱ्याची व्याधी आहे, या समजुतीखाली स्वतःच्या घरातील व्याधी झाकली गेली होती.

अमेरिकनांच्या अज्ञानावर हसण्याची हौस कॅनडात मोठी आहे. २००० सालच्या निवडणूक मोहिमेत रिक मर्सर या कॅनेडियन विनोदी नटाने उमेदवार जॉर्ज बुश यांना गाठले, आणि मुख्य प्रधान ‘ज्याँ पुतीन’ यांनी त्यांना पाठिंबा दिला असल्याचे सांगितले. मुख्य प्रधानांचे खरे नाव ज्याँ क्रेतिएँ. पुतीन हा तळलेले बटाटे, चीज आणि रस्सा यांचा क्वेबेकमधील लोकप्रिय पदार्थ! बुश यांनी पाठिंब्याबद्दल समाधान व्यक्त केले. अशाच मुलाखतींचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम १ एप्रिल २००१ रोजी प्रसारित झाला, तेव्हा लाखो कॅनेडियनांनी तो आवडीने पाहिला. परंतु या हास्याच्या तळाशी एक शल्यही होते. जो आपल्याला रोज दिसतो, त्याला आपण दिसत नाही, हे ते शल्य होय.

त्याच वर्षी ते उघडे पडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले, तेव्हा न्यू फाउंडलंड बेटावरील गँडर या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावी ३८ प्रवासी विमाने उतरली. गावकऱ्यांनी आणि आसपासच्या खेड्यांनी साडेसहा हजारांहून अधिक अनोळखी उतारूंना अनेक दिवस जेऊ घातले, शाळांत व घरांत ठेवून घेतले. २० सप्टेंबरला अध्यक्ष बुश यांनी काँग्रेसपुढील भाषणात अनेक मित्रराष्ट्रांचा गौरव केला. कॅनडाचा उल्लेख त्यात नव्हता. कॅनडात त्याचे फार वाईट वाटले. मात्र कथा तेथेच संपली नाही. डेव्हिड हाइन व आयरीन सँकॉफ या कॅनेडियन दांपत्याने गँडरच्या आतिथ्यावर रचलेले ‘कम फ्रॉम अवे’ हे संगीत नाटक २०१७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले व पुढे पाच वर्षे चालले. जे भाषणातून सुटले होते ते रंगभूमीने अमेरिकनांपर्यंत पोहोचवले.

निकड आणि ओळख यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसला तो २०२५ साली. संयुक्त संस्थानांत बाहेरून येणाऱ्या खनिज तेलापैकी निम्म्याहून अधिक कॅनडाचे होते. अमेरिकन शेतकऱ्याच्या पोटॅश खताचा मोठा भाग सास्कॅचेवान प्रांतातून येत होता. हा पुरवठा वर्षानुवर्षे बिनबोभाट चालल्यामुळेच तो दिसेनासा झाला होता. त्या वर्षीच्या जानेवारीत अध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी कॅनडाचे तेल, लाकूड किंवा मोटारी यांवाचून आपले अडत नाही असे सांगितले. कॅनडाने ५१वे संस्थान व्हावे हे तर ते वारंवार बोलत होते. मार्चमध्ये कॅनेडियन मालावर २५ टक्के जकात बसली. पण इंधनावर ती १० टक्केच ठेवण्यात आली, आणि थोड्याच दिवसांत पोटॅशलाही सवलत द्यावी लागली. भाषणात जे अमान्य केले होते ते जकातीच्या तक्त्यात मान्य झाले.

कॅनडात याचे पडसाद तीव्र उमटले. अनेक प्रांतांच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन मद्य हटवले गेले, अमेरिकेचे प्रवास रद्द झाले, आणि २८ एप्रिलच्या निवडणुकीत मार्क कार्नी यांचा पक्ष याच प्रश्नावर विजयी झाला. आपण शेजाऱ्याला पूर्ण ओळखतो असे मानणाऱ्या कॅनेडियनांनाही हा घाव अनपेक्षित होता. शेजाऱ्याची गाणी, खेळ आणि नटनट्या ठाऊक असणे वेगळे, आणि त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे हे ठाऊक असणे वेगळे, हा धडा त्यांना त्या वर्षी मिळाला.

अज्ञानाचे परिणाम राजधान्यांपेक्षा सीमेवरील गावांत अधिक बोचतात. व्हरमाँटमधील डर्बी लाइन आणि क्वेबेकमधील स्टॅनस्टेड या जुळ्या गावांचे हॅस्केल ग्रंथालय १९०४ साली मुद्दाम सीमारेषेवर बांधले गेले. बहुसंख्य पुस्तके एका देशात, मुख्य दरवाजा दुसऱ्या देशात. कॅनेडियन वाचक कित्येक पिढ्या पारपत्राविना काही पावले चालून त्या अमेरिकन दरवाजाने आत येत असत. २०२५ साली अमेरिकन अधिकाऱ्यांनी हा शिरस्ता बंद करण्याचे जाहीर केले. ग्रंथालयाला कॅनडाच्या बाजूने नवे प्रवेशद्वार करण्यासाठी वर्गणी गोळा करण्याची पाळी आली. ज्या दोन गावांनी एकमेकांना पुस्तकांच्या कपाटांमधून ओळखले होते, त्यांच्यावर हा निर्णय त्यांना न ओळखणाऱ्यांनी लादला.

मोठ्या राष्ट्राला लहान शेजाऱ्याची माहिती नसली तरी त्याचे दैनंदिन व्यवहार चालतात. म्हणून ती मिळवण्याची जबाबदारी निकडीवर सोपवली, तर ती फार उशिरा व फार महाग मिळते. लहान राष्ट्राला ती आयती मिळते, परंतु तिच्या रेट्यात स्वतःची ओळख जपण्याचे काम त्याला जाणूनबुजून करावे लागते. नभोवाणी महामंडळ, संगीताविषयीचा दंडक आणि व्हायोला डेझमंडची नोट ही त्या कामाचीच निरनिराळी रूपे होत. पहिल्या कामाचा आरंभ अमेरिकेतील शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात, १८१२ च्या प्रकरणात उत्तरेकडील लोकांची बाजूही दोन परिच्छेदांत सांगून, करता येण्याजोगा आहे.