बालकाचा हट्ट आणि त्याची व्यवस्था



दोन-अडीच वर्षांच्या मुलाला रोजच्या पितळी वाटीऐवजी दुसऱ्या वाटीत दूधभात दिला, की ते वाटी दूर लोटते. आई म्हणते, ‘फार हट्टी झाले आहे.’ शेजारीण म्हणते, ‘लाडाने बिघडले.’ पितळी वाटी पुढे येताच तेच मूल मुकाट्याने जेवू लागते. भात तोच, दूध तेच. मग रडे कशाचे? ते वाटीचे नसते, मोडलेल्या क्रमाचे असते.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी असाच एक प्रसंग नमूद केला आहे. उकाडा होऊ लागला म्हणून एका आईने अंगातील कोट काढून हातावर घेतला. तिचे सुमारे दीड वर्षाचे मूल रडू लागले व काही केल्या राहीना. आईने कोट पुन्हा अंगात घातला आणि रडे थांबले. कोटाची जागा अंगावर, हातावर नव्हे, हे त्या चिमुकल्या मनाने पक्के केले होते. पहिल्या तीन वर्षांत व्यवस्थेची ही ओढ विशेष तीव्र असते, असे त्यांनी प्रतिपादिले.

याचे कारण उघड आहे. प्रौढाजवळ घड्याळ आहे, पंचांग आहे, भाषा आहे. बालकाजवळ केवळ घटनांचा क्रम आहे. आंघोळीनंतर न्याहारी, दिवा लागला की बाबा घरी, गोधडीनंतर अंगाई, हेच त्याचे घड्याळ. ते बरोबर चालले, की मूल निर्धास्तपणे खेळते, बोलते, नवे शिकते. ते बिघडले, की सांगावयास शब्द नसल्यामुळे रडते. अशा रड्यास दिलेली चापट ही अपराधावाचून दिलेली शिक्षा होय.

प्राथमिक शिक्षकाचा याच्याशी संबंध काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचे वय हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. शिवाय पालकसभेत ‘मूल ऐकत नाही’ ही तक्रार शिक्षकापुढेच येते. त्या वेळी पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. वस्तूंच्या जागा ठरलेल्या असाव्यात आणि मुलाचा हात तेथे पोहोचावा. जेवण, झोप व आंघोळ यांचा क्रम सहसा मोडू नये. मोडावाच लागला, तर आधी सांगावे. अंगणवाडीत मूल खेळात रमले असता आईने डोळा चुकवून निघून जाऊ नये. रोज एकाच रीतीने निरोप घ्यावा. मात्र व्यवस्था म्हणजे बडगा नव्हे. भूक, झोप व लघवी घंटेवर चालत नाहीत; क्रम मुलासाठी आहे, मूल क्रमासाठी नाही.

या गोष्टीची खरी कसोटी स्थलांतरात लागते. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि उन्हाळ्यात परततात. लहान मुलाचे घर, अंगण आणि पुष्कळदा आजीही मागे राहते. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्या आईला घड्याळाप्रमाणे दिनक्रम पाळण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. परंतु तीच गोधडी, झोपतानाचे तेच गाणे आणि फडावर जाताना रोजचे तेच दोन शब्द तिला सोबत नेता येतात. निघण्यापूर्वी एवढे तिला सांगणारा कोणी हवा. मूल परत आल्यावर अंगणवाडीत कोपरा धरून बसले, तर त्यास मंद वा हट्टी ठरवू नये. काही आठवडे त्याची बसण्याची जागा तीच ठेवावी, पिशवीची खुंटी तीच ठेवावी आणि जवळ घेणारी व्यक्तीही शक्यतो तीच असावी. अंगणवाडीताईंशी बोलून शिक्षकाने हे घडवून आणावे.

यास अनुदान लागत नाही, नवे साहित्य लागत नाही. गाव सोडताना आईने बोचक्यात ती पितळी वाटी आठवणीने बांधली, तर मुलाच्या घरातील एक कोपरा त्याच्याबरोबर गेला, असे समजावे.